पहिली पाच वर्षं नोकरीची, मग ओव्हन विकून टाकू का?

पहाटपळ्या

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासणीला आहे. सव्वादोन वर्षं झाली. वय पंचवीस, आईबाबांसोबत इंदिरानगरला राहतो. मागच्या आठवड्यात अप्रेझल झालं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "काम नीट करतोस, पण जीव ओतत नाहीस. हे पळणं, केकबिक चाळिशीनंतर कर. पहिली पाच वर्षं नोकरीला दे." (साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक मीच केला होता, हे जाता जाता.)

मला हे अजिबात पटलेलं नाही. आठवड्यातून चार दिवस पळतो. तीन दिवस घराजवळच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे. पहाटे पाच ते साडेसहा या वेळेत मी झोपलेलो असतो तर कंपनीचं काय भलं झालं असतं? स्वयंपाक म्हणाल तर डबा स्वतः करतो, कारण कँटीनची भाजी खाऊन पळता येत नाही. आणि शनिवारी घरच्या आंबवणाचा पाव. लोकांना वाटतं पावाला अख्खा दिवस जातो. हात लागतो तो जेमतेम चाळीस मिनिटं. बाकी वेळ पीठ आपलं आपण फुगतं, मी काही त्याच्याकडे बघत बसत नाही. मे महिन्यात नाशिकच्या उकाड्यात ते तीन तासांतच तयार होतं, म्हणून फ्रिजमधलं पाणी घालायचं आणि रात्रभर फ्रिजमध्येच ठेवायचं. सकाळी पळून आलो की भाजायचं. निफाडच्या मनुका घातल्या की तर विचारूच नका.

तर सांगा, यात नोकरीचं काय अडलं?

सातपूरचा जुना

अडलं ते तुला दिसत नाहीये, कारण जे शिकायचं राहिलं ते दिसत नसतंच.

मी एमआयडीसीत बावीस वर्षं काढली. सकाळी मशीन थंड असतं तेव्हा पहिल्या काही नगांचं माप वेगळं येतं, मशीन तापलं की ते सरकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण कळलं कधी? एकदा बोअर, म्हणजे नगातलं भोक, सारखा मोठा येत होता, सगळे घरी गेले आणि मी मशीन लावून देणाऱ्या म्हाताऱ्या सेटरबरोबर रात्री अकरापर्यंत थांबलो तेव्हा. त्याने दर पाच नगांनी माप घेतलं, खडूने पत्र्यावर लिहिलं आणि मला विचारलं, "आता सांग, चूक कोणाची? माणसाची की उन्हाची?" असले धडे शिफ्ट सुटल्यावरच मिळतात, पोरा. आणि ज्याला पहाटे पाचला उठायचंय तो रात्री अकरापर्यंत थांबत नाही.

साहेबांचं बोलणं कडू असेल, पण खोटं नाही.

पहाटपळ्या

काका, गंमत म्हणजे हाच धडा मला ओटीजीने, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनने शिकवला. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं वाटायचं. आतली हवा तापलेली असायची, भिंती थंडच. पहिला केक बसका आणि दुसरा झकास. मग १८० वर लावून वीस मिनिटं जास्त थांबायला लागलो.

सातपूरचा जुना

छान. पण केक बसला तर तू खाऊन टाकतोस. आमच्याकडे अख्खा लॉट परत येतो, आणि त्यावर कोणाची तरी सही असते.

सेकंड शिफ्ट

रात्री साडेअकराला सुटून पाचला पळतोस? झोपतोस कधी?

पहाटपळ्या

सेकंडच्या आठवड्यात सकाळी साडेनऊला पळतो. ऊन लागतं, वेग पडतो, पण झोप मोडत नाही. त्या आठवड्यात पावही बंद.

गोल्फक्लबवाला

मी पळणाराच आहे, पण बाजू साहेबांची घेणार. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं ब्राँझ आणलं. ती काय पळणं, पाव आणि प्रमोशन अशा तीन दगडांवर पाय ठेवून उभी नव्हती. एका गोष्टीला जुंपून घ्यावं लागतं. तुझा हाफ मॅरेथॉनचा टायमिंग काय आहे?

पहाटपळ्या

दोन तास चार मिनिटं.

गोल्फक्लबवाला

बघ. जमतंय म्हणजे जमतंय, पण धड काहीच नाही.

मिसळप्रेमी सिडको

अहो, त्याला कुठे राष्ट्रकुलला जायचंय? आम्ही २१ किलोमीटर पळतो ते नंतर काळ्या मसाल्याची मिसळ निवांत मनाने खाता यावी म्हणून. आवड आहे म्हणून करतो, त्याला कसला टायमिंग विचारता? उद्या गाणं गुणगुणणाऱ्यालाही विचाराल, कुठल्या घराण्याचा?

आणि "पाच वर्षं दे" म्हणणाऱ्यांनी एक सांगावं. पाच वर्षांनी लग्न, मग मूल, मग घराचा हप्ता. तेव्हा कोण म्हणणार आहे, जा बाळ, आता पळ?

पंचवटीची माहेरवाशीण

सगळं वाचलं. आता माझा एक साधा प्रश्न. पावाचा ट्रे कोण घासतं?

मी सीएची आर्टिकलशिप केली तेव्हा ती तीन वर्षांची होती. मार्चएंडला रात्री दहाला घरी यायचे आणि कुकर लावायचे, कारण आई आजारी होती. त्या स्वयंपाकाला कोणी छंद म्हटलं नाही, की अप्रेझलमध्ये त्यावर चर्चा केली नाही. मुलगा डबा करतो तर ती चर्चा होते, मुलगी करते तर ती सवय. पळणं सुरू करायला मला बत्तीसावं वर्ष उजाडलं, तेही कृषीनगरच्या ट्रॅकवर सहाच्या आत जायचं नाही या अटीवर, कारण त्याआधी अंधार असतो आणि घरचे घाबरतात. तुझ्या पहाटे पाचच्या मागे कितीजण उभे आहेत ते मोज आधी.

हे तुला गप्प बसवायला लिहीत नाहीये. तुझा पाव मला खरंच आवडेल.

पहाटपळ्या

ताई, ट्रे आई घासते. रविवारी मी पळून येतो, भाजतो, फोटो काढतो आणि झोपतो. ओट्यावर सुकलेलं पीठ असतं, ते पाणी शिंपडून उलथन्याने खरवडावं लागतं. ते तीच काढते. तुम्ही विचारेपर्यंत मी ते चाळीस मिनिटांत धरलंच नव्हतं.

ओव्हनवाली कॉलेज रोड

इतका वेळ कोणी मुद्द्याचं विचारलंच नाही, म्हणून लिहिते. बाबा रे, तू साहेबांच्या मुलीचा केक "केला होतास" म्हणालास. फुकट की ऑर्डर?

मी नोकरी सोडून चार वर्षं हेच करते. घरून विकायचं तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती एकदाची होऊन जाते. बाकीचं होत नाही. माझ्याकडे बहुतेक ऑर्डरी एगलेसच्या. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो, "ताई, उद्या बाराला हवाय, वर युनिकॉर्न पाहिजे." मागच्या एप्रिलमध्ये दुपारी तीनला कॉलेज रोडवरून सिडकोला स्कूटीवर केक नेला. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलपर्यंत धीर धरला त्याने, मग क्रीमची एक बाजू खोक्याला जाऊन चिकटली. मी रस्त्याच्या कडेला सावलीत उभी राहून पॅलेट नाईफने पुन्हा लिंपलं, आणि मुलाच्या आईने दार उघडल्यावर पहिला शब्द काय, तर "उशीर झाला."

पळणं तुझं आहे. शनिवारचा पाव तुझा आहे. त्यांनी नोकरीचं काही खाल्लेलं नाही. पण पहिली ऑर्डर घेतलीस त्या दिवशी तू दुसरी नोकरी धरलीस, आणि तिथला साहेब फोनवर असतो. म्हणून विचारते, किती ऑर्डरी घेतोस?

पहाटपळ्या

महिन्याला चार-पाच. गेल्या महिन्यात सात.

आणि आता कबूल करतो. अप्रेझलच्या आदल्या सोमवारी लाईनवर मीटिंग चालू होती आणि खिशात फोन चार वेळा वाजला. एका काकूंना केकवर "चि." लिहायचं की "चिरंजीव" हे ठरवायचं होतं. मी बाहेर जाऊन बोललो. साहेबांनी पळणं कुठे पाहिलंय? त्यांनी हे पाहिलं असणार.

सातपूरचा जुना

आता कसं. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर मी बावीस वर्षांचं पुराण लावलं नसतं. पळ तू. झोपून उठलेलं पोरगं मशीनवर बरं असतं, तेवढं मान्य. पण लाईनवर फोन वाजलेला मीही खपवून घेतला नसता.

मिसळप्रेमी सिडको

काका, पण ऑर्डरीचे पैसे? ट्रेनीच्या पगारात ते महत्त्वाचे असतात. सगळ्यांनाच घरचं छप्पर नसतं. माझा रूममेट शनिवार-रविवार डबे देतो, त्यात भाडं निघतं. त्याला म्हणा ना "बंद कर."

ओव्हनवाली कॉलेज रोड

त्याला नाही म्हणणार. त्याला गरज आहे. ह्याला कौतुक हवंय, हे वेगळं.

पहाटपळ्या

लागलं, पण बरोबर आहे. एका केकमागे मैदा, क्रीम, खोका आणि पेट्रोल वजा जाता सुट्टे पैसेच उरतात. नवीन ऑर्डर नाही घेणार. गणपतीपर्यंतच्या चार घेतल्या आहेत, तेवढ्या देतो. ट्रे आजपासून मी घासणार, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी घास, मग सांग."

सातपूरचा जुना

चार दिल्यास की पाचवी येईल. आणि ती तुझ्या साहेबांच्याच घरून येईल, बघ.