मदत हवी आहे: शाळांमधल्या वाळवीचा नकाशा आणि नुकसानीचा हिशोब

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) जिल्हा परिषद शाळांमध्ये वाळवीने कुठे, किती नुकसान केलंय याचा नकाशा करतोय. काही इमारती निझामकालीन, सागवानी लाकडाच्या. नव्या आरसीसी खोल्याही सुटलेल्या नाहीत. फरशी-भिंतीच्या सांध्यातून मातीच्या नळ्या थेट दारा-खिडक्यांच्या चौकटीत शिरतात. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत पोकळ.

शाळांचं लोकेशन, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), फोटो घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके टाकलेत. पण ठिपक्यांवरून किरकोळ कुठलं नि गंभीर कुठलं ते कळत नाही. उपचारासाठी आयएस ६३१३ या वाळवी-प्रतिबंधाच्या भारतीय मानकाचा भाग ३ (बांधून झालेल्या इमारतींसाठीचा) पाहिलाय, त्यामुळे औषधं सुचवू नका.

खरी अडचण खर्चाची. चौकटीचा दर सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीत मिळतो. वाळवीने खाल्लेल्या जनरल रजिस्टरची (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीची) किंमत कशी धरायची? शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो, म्हणून ते हिशोबातून वगळायला मन धजत नाही.

इंजिनिअर मिळणार नाही. फॉर्म मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच भरणार. तर प्रतवारीचे निकष कोणते ठेवू, म्हणजे दोघांनी वेगवेगळं भरलं तरी उत्तर सारखं येईल? आणि जुन्या सागवानाला घसारा लावायचा (वयाप्रमाणे किंमत कमी धरायची) की आजचा बदली खर्च धरायचा?