आजोबांचं तुमच्याकडे काय राहिलं?

गेल्या महिन्यात आमचे आबा गेले. वय ८८, त्यामुळे भेटायला आलेला प्रत्येक जण "पिकलं पान" म्हणून चहा पिऊन गेला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय न सरतोय तोच कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. "तृप्त गेले," चुलते म्हणाले. घरी येऊन आजीला सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. "इतक्या लगेच? माझ्यात काहीच अडकलं नव्हतं त्यांचं?" दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. अर्धा तास तरी लागला असं सांगायला हवं होतं, असं चुलते आता म्हणतात.

आबांची चंची माझ्याकडे आली. मी तंबाखू खात नाही, तरी मागून घेतली. एका कप्प्यात चुन्याची डबी, एकात अडकित्ता, एकात सुपारीची खांडं. सगळ्यात आतल्या कप्प्यात एसटीची तिकिटं, घड्या पडून मऊ झालेली. सातारा ते स्वारगेट, अर्धं तिकीट. मी पुण्याला वसतिगृहात होतो तेव्हाची. ते यायचे, खाली पायरीवर तासभर बसायचे, "काही नाही, सहज आलो होतो" म्हणायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. मला तेव्हा त्यांच्या धोतराची लाज वाटायची. पोरं बघतील म्हणून मी त्यांना वर खोलीत कधी नेलं नाही.

तर तुमच्या आजोबांचं तुमच्याकडे काय राहिलं? वस्तू, सवय, शिवी, काहीही चालेल. फक्त "देवमाणूस होते" एवढं लिहून थांबू नका. देवमाणसं काय, सगळ्यांचीच असतात. ते चपला कुठे काढायचे ते सांगा.

*

आमचे आजोबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. साच्यांचा खडखडाट असा की शेजारच्याने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येणार नाही. तिथे सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे. पन्नाशीत आजोबांचे कान गेले. पण दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही भावंडं कोपऱ्यात कुजबुजायला लागलो की पलीकडून आवाज यायचा, "सिनेमाला जायचं तर आईला सांगून जा." चाळीतली सगळी पोरं त्यांच्यासमोर तोंडावर हात धरून बोलायची. माझी ती सवय अजून गेलेली नाही. ऑफिसात विचारतात, दाढ दुखतेय का?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, तेव्हा आजोबांना वाटलं, दिवाळीपर्यंत मिटेल. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना ते शेवटपर्यंत "डॉक्टर" म्हणायचे, चिडले असले तरी. गिरणी त्यांना परत दिसली नाही. पुढे वॉचमनची नोकरी केली. तिच्याबद्दल ते बोलायचे नाहीत.

शेवटी आयसीयूत गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. आवाज बंद, पण शुद्ध पूर्ण. ते ओठ हलवायचे, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, पलीकडच्या साच्यावरच्याला सांगावं तसं. आम्ही सहा जण भोवती उभे आणि एकालाही वाचता येईना. पाणी? आई? दुखतंय? प्रत्येक वेळी मान नाही म्हणून हलायची. आजीला आलं असतं, ती आधीच गेलेली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यातले एक जुने सोबती काठी टेकत आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, दोन मिनिटं बघितलं आणि आमच्याकडे वळले. "विचारतोय, एवढ्या जणांनी खाडा कशाला केला?"

*

वरचं वाचून जरा वेळ काही लिहिता आलं नाही. माझं फार छोटं आहे.

आमच्याकडे स्वयंपाकघरात अजून २०१९ चं कालनिर्णय टांगलेलं आहे. आजोबा रोजच्या चौकटीत लिहायचे. दूध दीड लिटर, गॅस लावला, इस्त्रीचे कपडे ११. काहीच नसेल त्या दिवशी "विशेष नाही". सप्टेंबरपर्यंत भरलेलं आहे, नंतर कोरं. माळ्यावर जुन्यांचा गठ्ठा सापडला, त्यात मी माझ्या जन्माची तारीख शोधली. "मुलगी. पावणेतीन किलो. पाऊस. दूध नको सांगितले."

*

कुडाळकडचे आम्ही. आजो गाऱ्हाणं घालायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गणपतीसमोर नारळ ठेवून घरातला जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. आजोंना कागद लागायचा नाही. "ह्या तुझ्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" इथून सुरुवात आणि मग त्यात घरातली सगळी भानगड यायची. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची म्हैस आटली, कुणाचा भावाशी वाद. देवाच्या निमित्ताने सगळ्यांना सगळं कळायचं. खरं तर काही जणांना ते आवडायचं नाही.

ते गेले त्या वर्षी गणपतीत आम्ही नारळ ठेवला आणि एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मुंबईहून आलेल्या कुणालाही चार वाक्यांपुढे येईना. मग आतेभावाच्या फोनमध्ये २०१८ चं रेकॉर्डिंग निघालं. मागे फटाके, मध्येच कुकरची शिट्टी, तरी ऐकून ऐकून आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. आता काका वही धरून वाचतात. त्यात "बोरिवलीच्या पोराक घराचा लोन पास होवंदे" हे वाक्यही उतरलंय. लोन २०१९ लाच पास झालं, पोरगा हप्ते भरून मेटाकुटीला आलाय. पण काकांनी वाचलं आणि आम्ही सगळे एकसुरात ओरडलो, व्हय म्हाराजा! पोरगाही ओरडला.

*

सगळे अनुभव वाचतेय. आमचे अण्णा इतके गोड नव्हते. मोठी आत्या मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली, तिला त्यांनी पुढे शिकू दिलं नाही. आठ महिन्यांत लग्न. मला मात्र तोच माणूस सायकलवरून शाळेत सोडायचा. दांडी टोचू नये म्हणून तिच्यावर टॉवेलची घडी ठेवायचा आणि ती सरकली की उतरून पुन्हा नीट करायचा. तेराव्याला मी हे सगळ्यांसमोर कौतुकाने सांगितलं. आत्या पानावरून न उठता म्हणाली, "ती घडी माझ्या वाट्याची होती."

मला अण्णा आवडायचे, अजून आवडतात. आत्यासमोर बोलत नाही इतकंच.

*

वरच्या ताईंनी लिहिलं ते बरं केलं.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून लोक नुकते कुठे झोपले होते, पहाटे चारला चार मिनिटं कमी. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची हातभर माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दादांची थोरली लेक त्यात गेली. मी तेव्हा जन्मलेलो नव्हतो, आणि दादांच्या तोंडून तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

पुढे नव्या गावठाणात भूकंपाला टिकेल असं घर मिळालं. दादांनी फिरून बघितलं, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "चांगलंय. ज्वारीची पोती ठेवा." स्वतः त्यात कधीच झोपले नाहीत. अंगणात बाज, पावसाळ्यात पुढच्या पत्र्याखाली बाज. थंडीत आम्ही आतून ओरडायचो, ते घोंगडी डोक्यावरून ओढून घ्यायचे. गेले तेही बाजेवरच. मार्च महिना, सकाळपासूनच ऊन चढलेलं. पाहुणे येईपर्यंत मयत आत घेऊ म्हणून चार जणांनी हात घातला, तशी आजी दारात आडवी झाली. "आत नेऊ नका त्यांना." मग वर चादर बांधून सावली केली.

*

यवतमाळ जिल्हा. आमच्याकडे आजोबाला आबाजी म्हणतात. कापूस एकाधिकाराचे दिवस, सरकारच कापूस घ्यायचं. केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग लागायची, कधी दोन दिवस तर कधी तीन. आबाजी मला शाळा बुडवून सोबत न्यायचे. रात्री बंडीतल्या कापसात खड्डा करून झोपायचं, गादीपेक्षा ऊब. "लेका, तोंड वर ठेव, नाहीतर सकाळी कापूस शिंकशील." गावातला मोठा कडक माणूस, पण ग्रेडरने कापसात हात घातला की त्यांचा आवाज जायचा. खालची प्रत लावली तरी "हौ साहेब." ते मला बघवायचं नाही. चुकारा काही लगेच मिळायचा नाही, पण परतताना खिशातल्या पैशातून आलूबोंडा ठरलेला. एकच घ्यायचे आणि म्हणायचे, मले जळजळते. नव्हती हो जळजळत. हे कळायला मला चाळीस वर्षं लागली, काय सांगू बाप्पा.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. इचलकरंजीच्या आमच्या आजोबांकडे दोन एचएमटी होत्या. एक डाव्या हातात, तिच्यात तिथली वेळ. दुसरी उशाशी, तिच्यात माझी. दोन्हींना रोज सकाळी चावी द्यायचे. मार्चमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात, याचा त्यांना भयंकर राग. "एवढं मोठं राष्ट्र आणि वेळेचं नक्की नाही?"

एप्रिल २०२१ मध्ये ते गेले. जाणं शक्य नव्हतं. चुलतभावाने पीपीई किटमधून फोन धरला होता. बराच वेळ मला आकाश आणि एक पिंपळाची फांदी दिसत होती. सांगावं तरी कसं त्याला, फोन खाली कर म्हणून?

माझी वेळ दाखवणारी एचएमटी आता आजीच्या हातात असते, बंद. चावी दे म्हटलं तर म्हणते, "तुझा फोन येतो तेव्हा तुझ्याकडे उजाडलेलं असतं. एवढं कळतं मला."

*

माझे आजोबा आहेत अजून, ९१. हे सगळं वाचून आत्ता त्यांना फोन लावला. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या चालू असताना फोन केलेला त्यांना खपत नाही, हे माहीत असूनही. उचलल्या उचलल्या म्हणाले, "कोण गेलं?"

म्हटलं, कुणी नाही, सहज केला.

"सहज? बरं, केलाच आहेस तर ऐक. विहिरीवरची मोटर जळलीय आणि तुझा बाप लक्ष देत नाही."