के२ फक्त स्वस्त म्हणून खपला?

'पोलंडने किंमत बघून दक्षिण कोरियाचा के२ रणगाडा घेतला' असं म्हटलं जातं, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. किंमत होतीच, पण खरी घाई वेळेची होती. आपले जुने रणगाडे युक्रेनला देऊन बसलेल्या पोलंडने ऑगस्ट २०२२ मध्ये १८० रणगाड्यांचा करार केला आणि त्याच डिसेंबरात पहिले दहा ग्डिनिया बंदरात उतरलेसुद्धा! कोरियाची उत्पादन साखळी चालू होती, म्हणून हे जमलं.

डिझाइनबद्दल बोलायचं तर तोफेपेक्षा गिअरबॉक्सची कथा जास्त रंजक आहे. १२० मिमी तोफ, ऑटोलोडर (तोफेत गोळे आपोआप भरणारी यंत्रणा), त्यामुळे तीनच माणसं, वजन साधारण ५५ टन, हे सगळं जुळून आलं. घोडं अडलं ते १५०० अश्वशक्तीच्या पॉवरपॅकवर, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) यांच्या जोडीवर. पहिल्या उत्पादन तुकडीत इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्ही जर्मन. पुढे इंजिन देशी झालं, पण देशी ट्रान्समिशन टिकाऊपणाच्या चाचणीत नापास, म्हणून दुसऱ्या तुकडीत ते पुन्हा जर्मनच. आता गंमत बघा, तेच कोरियन ट्रान्समिशन तुर्कस्तानने आपल्या अल्ताय रणगाड्यासाठी घेतलं, कारण जर्मनीने त्यांना पॉवरपॅक द्यायला नकार दिला होता. महत्त्वाचे भाग परदेशी असले की रणगाडा स्वतःचा, पण कोणाला विकायचा हे दुसऱ्या देशाच्या परवान्यावर, ही डोकेदुखी कोरियाला चांगलीच ठाऊक आहे.

आणि नुसत्या किमतीवर सौदे ठरत असते तर नॉर्वेने २०२३ मध्ये के२ सोडून जर्मनीचे ५४ लेपर्ड २ रणगाडे का निवडले? शेजारी तोच रणगाडा वापरतात, सुटे भाग आणि प्रशिक्षण सोपं जातं.