गोल्फमध्ये एक फटका बिघडला की पुढचे तीन होल हातचे जातात, काय करू?

राजेहो, मदत हवी आहे. दीड वर्षापासून नागपुरात दर रविवारी पहाटे गोल्फ खेळतोय. सरावात सगळं ठीक, पण एक चेंडू हद्दीबाहेर गेला की डोकं फिरते. एका फटक्याचा दंड, वर त्याच जागेवरून पुन्हा मारा! मग रागात ग्रिप आवळली जाते आन् पार ४ च्या (म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या) होलवर ८ फटके लागतात.

टायगर वुड्सचा दहा पावलांचा नियम करून पाहिला: तेवढं चालेपर्यंत चिडायचं, मग विषय बंद. माझा राग तर थेट ग्रीनपर्यंत (होलभोवतीच्या हिरवळीपर्यंत) सोबत येते, भाऊ.

पुढच्या चेंडूजवळ पोचल्यावर तुम्ही नेमकं काय करता? श्वास मोजता, की सोबत्याशी तर्री-पोह्याच्या गप्पा? (गप्पा करून पाहिल्या. भूक लागली, राग तसाच.)