मदत हवी आहे: पूर ओसरल्यावर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं धान्याचं गोडाऊन साफ करायचंय, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती आहे

लक्ष्मीपुरीकर
जयंती नाल्याचं पाणी गोडाऊनमध्ये गुडघाभर आलं होतं. आता ओसरलंय. आत घोटाभर गाळ, खालच्या थराची पोती भिजलेली, माळ्यावर उंदरांच्या लेंड्या आणि कोपऱ्यात दोन मेलेल्या घुशी. साफसफाईला दोन हमाल, मी आणि वडील. वडिलांना शुगर आहे, टाचांना भेगा आहेत. ब्लीचिंग पावडर किती आणि कशी वापरायची? डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळी सगळ्यांनीच घ्यायची का? वरची पोती विकता येतील का? घरचा कुत्रा पण गोडाऊनमध्येच असतो.

गाळवाला
पहिलं म्हणजे वडिलांना बाहेर खुर्चीत बसवून हिशेब करायला लावा. लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून महिनोन् महिने बाहेर पडतात, उंदराला स्वतःला काही होत नाही. माणसात ते शिरतात जखमेतून, भेगांतून, चिखल्यांतून, नाहीतर डोळ्या-नाका-तोंडाच्या ओल्या त्वचेतून. पाण्यात तासन् तास भिजून मऊ पडलेली कातडीसुद्धा पुरते. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झालेली कळतही नाही.

बाकीच्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालायचे. पायतान घालून गाळात उतरू नका. बुटात पाणी शिरलं तर लगेच ओतून पाय धुवा, कारण दिवसभर बुटात साठलेलं पाणी उघड्या पायापेक्षा वाईट. जाड रबरी हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, आणि गाळ उडतो म्हणून डोळ्यांना चष्मा.

आता ब्लीचिंग. गाळावर कोरडी पावडर टाकणं म्हणजे चिखलावर रांगोळी काढणं. क्लोरीन आधी चिखलातला कचरा खातं, जंतूंपर्यंत उरतच नाही. क्रम असा ठेवा: फावड्यानं गाळ उपसा, साध्या पाण्यानं फरशी आणि भिंती धुवा, मग द्रावण. चांगल्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असतं. रंगाच्या २० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम टाकलं की अर्धा टक्क्याचं द्रावण होतं. फरशीला एवढं पुरे. नहाणी, गटाराचं तोंड आणि घुशी पडल्या त्या जागेला ६०० ग्रॅम. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, मग बादली भरा, चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. फरशी २० मिनिटं ओली राहिली पाहिजे. द्रावण त्याच दिवशी संपवा. पोतं उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर मेलेली समजा, दुसरी आणा.

संडास धुवायचं ॲसिड यात अजिबात मिसळू नका. विषारी वायू होतो, आणि गोडाऊनला खिडक्या किती असतात ते आपल्याला माहीत आहे.

कोरडा झाडू मारायचा नाही, माळ्यावर तर नाहीच. लेंड्यांवर आधी द्रावण फवारा, मग ओल्या फडक्यानं पुसा. घुशींवरही फवारा, १५-२० मिनिटांनी हातमोजे घालून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये उचला आणि खोल पुरा.

शेवटी वाळवणं. हे जंतू कोरडेपणात टिकत नाहीत, पण ओल्या मातीत आठवडे काढतात. आता श्रावणात आपल्याकडं ऊन कुठलं? इलेक्ट्रिशियननं वायरिंग तपासल्यावरच पंखे लावा आणि दोन्ही दारं उघडी टाका.

नुसता_वाचक
एवढं कशाला राव, फिनेल मारा आणि मोकळे व्हा.

गाळवाला
गाळ तसाच ठेवून फिनेल मारलं तर नुसता वास येतो.

पोतंपारखी
भिजलेली पोती गेली असं धरा. वाळवून चक्कीला देऊ नका, जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष वाळवून जात नाही. पंचनामा व्हायचा असेल तर आधी थप्पीचे फोटो आणि पोत्यांची मोजणी, मग हलवाहलवी. वरच्या थरातलं प्रत्येक पोतं उलटून बघा. कुरतडलेलं, डाग पडलेलं किंवा लघवीचा वास येणारं बाजूला काढा. नव्यानं थप्पी लावताना खाली फळ्या आणि भिंतीपासून दीड फूट जागा सोडा. घूस भिंतीकडूनच येते आणि तेवढी जागा असली की बीळ दिसतं.

पिंजरा_आणि_गूळ
उंदरांचं बोलतो. बिळं आज बुजवू नका. आत उंदीर असतील तर ते दुसरीकडून कोरून निघतात किंवा आतच मरून सडतात. आधी पिंजरे, मग बुजवणी. नवी वस्तू दिसली की गटारातला उंदीर दबकतो, म्हणून दोन-तीन रात्री पिंजरा उघडाच ठेवा, आत तेल लावलेली भाकरी किंवा भजी. ती खाल्लेली दिसली की मग चाप लावा.

चिकट पुठ्ठा टाळा. अडकलेला उंदीर धडपडत मुततो आणि ते साफ करायला शेवटी तुम्हालाच हात घालावा लागतो. झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष ओल्या गोडाऊनमध्ये, धान्याशेजारी नकोच, ओलीत त्याचा विषारी वायू होतो. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्या चालतील, पण कुलूपबंद डब्यात. खाल्ल्यावर उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, तेव्हा रोज शोधून उचलावे लागतील. बिळं बुजवताना फुटक्या काचा आणि सिमेंट, नहाणीला लोखंडी जाळी. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर आरामात येतो.

तपासणी_टेबल
डॉक्सीसायक्लिनबद्दल. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा असा डोस वापरतात, पण कोणी घ्यायचा आणि किती आठवडे ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ठरवू द्या. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नाही. वडिलांच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. गोळी घेतली म्हणून गमबूट काढायचे नाहीत.

जनावरांचा_दवाखाना
कुत्र्याला सफाई होईपर्यंत दुसरीकडं बांधा. वार्षिक लसीत लेप्टोचा भाग आहे का ते कार्डावर बघा. लघवी गडद झाली किंवा खाणं सोडलं तर लगेच न्या, तोही लघवीतून जंतू सोडतो.

लक्ष्मीपुरीकर
सगळ्यांचे आभार. एका हमालाला कालपासून थंडी-ताप आहे, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल आहेत. सफाई तर आजच सुरू केली, मग लेप्टो कसा? मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणलीय.

तपासणी_टेबल
सफाईतून नसेल, पण पूर चढताना तो पाण्यातून पोती वाहत होता ना? लागण झाल्यावर ताप यायला २ ते ३० दिवस लागतात, बहुतेकांना ५ ते १४. पोटऱ्या दाबल्यावर दुखणं आणि चिपडं न येता डोळे लाल होणं ही लेप्टोची ठळक लक्षणं. दुखण्याची गोळी बंद करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला जड जातात, आणि डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल.

आजच सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) न्या आणि केसपेपर लिहितानाच सांगा, "पुराच्या पाण्यात काम केलंय, उंदीर होते." हे न सांगितल्यानं ताप डेंग्यू म्हणून बघितला जातो. प्लेटलेट दोन्हीत उतरतात, पण डेंग्यूत पांढऱ्या पेशीही सहसा कमी होतात, लेप्टोत बऱ्याचदा वाढतात. आयजीएम तपासणी (रक्तात जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यावर निर्धास्त होऊ नका. त्या काळात रक्ताची पीसीआर तपासणी, म्हणजे थेट जंतू शोधणारी, उपयोगी. संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात, आणि तेच बरोबर.

ताप मध्ये उतरून पुन्हा चढू शकतो, तेव्हा उतरला म्हणून कामावर बोलावू नका. डोळे पिवळे, धाप, खोकल्यात रक्त, किंवा दिवसभरातली लघवी ४०० मिलिलिटरच्या खाली, यातलं एक जरी दिसलं तरी थेट ॲडमिट. लघवी मोजायला लिटरची बाटली द्या त्याला, अंदाजावर जाऊ नका. माणसाकडून माणसाला हा रोग जवळजवळ होत नाही, त्यामुळं त्याला घरी वेगळं ठेवायची गरज नाही. दुसऱ्या हमालालाही आजच विचारा, त्यानंही तीच पोती उचलली असणार.