प्रतिसाद : केबल बंद करण्यापूर्वी

केबल बंद करून टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरून अ‍ॅपांतले कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारे छोटे उपकरण) लावावी का, या चर्चेत केबलचे महिन्याचे बिल आणि स्टिकची एकरकमी किंमत एवढीच तुलना झाली आहे; ती मला अपुरी वाटते, कारण स्टिक घेतल्यावर ब्रॉडबँडचे भाडे आणि अ‍ॅपांची वर्गणी सुरूच राहते. सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, एकाच घरात आजी तेलुगू, सून मराठी आणि शेजारून आलेल्या काकू कन्नड मालिका पाहतात. केबलवाला या तिन्ही भाषा एकाच जोडणीवर देतो, तर अ‍ॅपांच्या दुनियेत स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर आणि सन समूहाच्या तेलुगू-कन्नड मालिका सन नेक्स्टवर अशी पांगापांग आहे. त्यामुळे घरात कोण काय पाहते याची यादी आधी करावी आणि मगच हिशेब मांडावा.

फक्त सह्याद्री आणि बातम्या पाहणाऱ्यांना मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश (दूरदर्शनची छत्रीवरून चालणारी सेवा) पुरेशी आहे.

स्टिक ज्यात बसते ती एचडीएमआय खाच टीव्हीच्या मागे आहे का, हेही पाहावे. स्टिकला वीज शक्यतो तिच्या अडॅप्टरवरूनच द्यावी, कारण टीव्हीच्या यूएसबीतून ती अनेकदा अपुरी पडते. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागतो. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवणाऱ्यांनी केबल एवढ्यात तोडू नये.