पोलीस आणि आपण : तुमचा स्वतःचा अनुभव काय सांगतो?

पोलिसांविषयीची आपली मते बहुधा बातम्यांवरून, चित्रपटांवरून आणि ऐकीव गोष्टींवरून बनतात. स्वतः ठाण्याची पायरी चढण्याचा प्रसंग अनेकांवर आयुष्यात एकदा-दोनदाच येतो. तो प्रसंग कसा गेला आणि त्यानंतर विश्वास वाढला की उणावला, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. अनुभव स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा असावा. ठाण्याचे व अधिकाऱ्याचे नाव घालू नये. चांगला अनुभवही तितक्याच तपशिलाने लिहावा, कारण 'साहेब चांगले होते' एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

सुरुवात माझ्यापासून. गर्दीच्या बसमध्ये माझ्या खिशातून मोबाईल गेला. ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी विचारले, आणि मग कोरा कागद पुढे करून 'मोबाईल गहाळ झाला' असा अर्ज लिहायला सांगितले. तो चोरीला गेला आहे असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "घेताना पाहिलंत का तुम्ही? नाही ना? मग गहाळच की." नवे सिमकार्ड मिळायला तेवढा दाखला पुरेसा होता, म्हणून मीही सही केली. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितले आहे, आणि नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी माहिती पाठवता येते, हे मला नंतर समजले. त्या अंमलदारांवर माझा राग नाही. न उकललेली प्रत्येक चोरी ठाण्याच्या आकड्यांत दिसते आणि वरून विचारणा होते. पण माझी चोरी कागदावर कधी घडलीच नाही, ही बोच राहिली आहे.

*

आमचा अनुभव चांगला आहे. शेजारी घरफोडी झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोन माणसांना जिना उतरताना पाहिले होते. एका हवालदारांनी फोन करून त्यांना जबाबासाठी ठाण्यावर बोलावले. घरी येता येईल का, असे मी चाचरत विचारले, तर तासाभराने एक महिला उपनिरीक्षक स्वतः आल्या. स्त्रीला, तसेच पंधरा वर्षांखालच्या किंवा साठीपुढच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून ठाण्यावर यायला भाग पाडता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. सासूबाई मध्येच स्वतःच्या मोतीबिंदूकडे वळत होत्या, तरी बाईंनी घाई केली नाही. जबाब वाचून दाखवल्यावर "तो उंच नव्हता हो, मधला होता" असे सासूबाई म्हणाल्या, आणि ती ओळ खोडून नवी लिहिली गेली. चोर सापडले नाहीत. सासूबाई मात्र त्या बाईंची आजही चौकशी करतात.

*

एप्रिल २०२० मध्ये मी एका रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. रात्रपाळी संपवून स्कूटरवर घरी येताना नाक्यावर मला थांबवले. पास खिशात होता. तो काढण्यासाठी हात खिशाकडे नेला, तोवर पोटरीवर काठी बसली. दुसरी बसल्यावर पास पाहिला गेला आणि "आधी सांगायचं ना" असे म्हणून सोडून दिले. संचारबंदी मोडणाऱ्यावर गुन्हा दाखल करता येत होता, पण शिक्षा ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. त्या दिवसांत ती रस्त्यावरच दिली जात होती, काठीने किंवा उठाबशांनी. वळ आठवड्याभरात गेला. त्यापेक्षा लागले ते समोरच्या गॅलरीतल्या लोकांचे हसणे. कोणीतरी चित्रीकरणही केले, आणि आमच्याच इमारतीच्या गटावर ते 'पोलिसी प्रसाद' म्हणून फिरले. ठाण्यात मारहाण झाली की आपण हळहळतो, पण दुसऱ्याला पोलिसी खाक्या दाखवला जातो तेव्हा टाळ्या वाजवणारेही आपणच असतो.

*

पारपत्राच्या पडताळणीचा अनुभव दोन ओळींचा आहे. आलेल्या अंमलदारांनी कागद तपासले, चहा घेतला आणि ते निघून गेले. 'चहापाण्या'साठी आईने पाकीट तयार ठेवले होते. ते तसेच टेबलावर राहिले.

*

मी ३३ वर्षे नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. वर ज्यांना नाक्यावर मार बसला त्यांना सांगतो, ते चुकीचेच होते. जमाव पांगवायला बळ वापरायचे तर आदेश अधिकाऱ्याचा लागतो, आधी इशारा द्यायचा असतो आणि काठी कमरेखाली मारायची असते. स्कूटरवरचा एकटा माणूस म्हणजे जमाव नव्हे. (वर्तमानपत्रांत 'सौम्य लाठीमार' छापून येतो. सौम्य कोणाला, हे मला कधी कळले नाही.) त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे, की गणेश विसर्जनाच्या बंदोबस्ताला आम्ही पुरता दिवस आणि रात्र पायांवर काढली आहे, आणि त्या अवस्थेत माणसाचा हात लवकर उचलला जातो.

कोठडीतली गोष्ट निराळी. तेथे थकव्याचा आडोसा नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. मग मारतात कशाला? कारण त्यातच एक अपवाद आहे : कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल सापडला, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. मारहाण होते ती बहुतेक त्या तेवढ्या भागासाठी. मीही हात उचलला आहे. एकदा दागिने निघाले आणि साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या खेपेला ज्याला मारले तो मुलगा त्या गावात नव्हताच, हे चार दिवसांनी कळले. त्या माराची नोंद स्टेशन डायरीत नाही.

*

मी वकिली करते, त्यामुळे नोंदीच्या मुद्द्यावर थोडे लिहिते. कोठडीतल्या मृत्यूंविषयीचे सर्वोच्च न्यायालयातले डी. के. बसू प्रकरण १९८६ साली एका पत्रावरून सुरू झाले आणि त्याचा निकाल १९९६ मध्ये लागला : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने तिथेच व्हावा, नातेवाइकाला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाचा ठाण्यांत सर्वत्र कॅमेरे बसवून चित्रीकरण १८ महिने जपण्याचा आदेश झाला. एका अशिलासाठी मी असे चित्रीकरण मागितले, तेव्हा नेमका त्याच रात्री कॅमेरा बंद असल्याचे लेखी उत्तर आले. ते उत्तर मी जपून ठेवले आहे, कारण निदान ते तरी कागदावर आहे.

*

आम्ही पारधी. १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. माझा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. तरी पंचक्रोशीत कुठे चोरी झाली की जीप पहिल्यांदा आमच्या वस्तीवर यायची. वडिलांना पहाटे नेत आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडत. अटक दाखवलेलीच नसायची, त्यामुळे सुटकेचाही कागद नसायचा. आईने त्यांच्यासाठी एक पिशवी भरून दाराशी टांगलेली असे : टॉवेल, बिड्या, गोळ्या. मी आता शिक्षक आहे. वर सासूबाईंचा जबाब घरी येऊन घेतल्याचे वाचले आणि ते दोनदा वाचले. असे होऊ शकते हे माहीत होते. कोणाच्या घरी झालेले प्रथमच वाचत आहे.

*

मी निवृत्त फौजदार पुन्हा लिहितो आहे. गुरुजी, त्या जीपमध्ये मी नसेनही, पण तशा जीपमध्ये बसलो आहे. रात्रगस्तीच्या वहीत काही वस्त्यांची नावे माझ्या आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेली होती. वही भरली की नव्या वहीत ती नावे मी माझ्या हाताने उतरवून काढत असे, आणि ती तेथे कशामुळे आहेत हे मी कधीही विचारले नाही.